मेकॅनो ते मोटारींच्या प्रतिकृती : फ्रँक हॉर्नबी यांची जीवनकथा

विमाने आणि यंत्रसामग्री घडविणारे शहर अशी बंगळुरूची जुनी ओळख आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याची स्थापना तेथे १९४० मध्ये झाली, तर हिंदुस्तान मशीन टूल्सची १९५३ मध्ये. याच शहरात मोटारींच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती जमविणारे आणि त्यांवर कानस, चिमटा व रंगफवारणीचे बारीक काम करणारे छांदिष्टही आहेत. अशा प्रतिकृतीच्या खोक्यावर बहुधा एक प्रमाण छापलेले असते. अनेक खोक्यांवर ते १:४३ असे असते. खरी मोटार ४३ भागांनी लहान केली की हातातील मोटार मिळते, एवढाच त्याचा अर्थ. सुमारे ४.३ मीटर लांबीची अ‍ॅम्बेसेडर या हिशेबाने १० सेंटिमीटरची होते आणि ३.९ मीटरची प्रीमियर पद्मिनी ९ सेंटिमीटरची.

प्रमाण ४० किंवा ५० असे सरळ न ठेवता ४३ का, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर मोटारींच्या नव्हे, तर खेळण्यातील आगगाडीच्या इतिहासात सापडते. ज्या गृहस्थाच्या कारखान्यामुळे हे प्रमाण रूढ झाले, तो मोटारी बनविणारा नव्हता आणि शिक्षणाने अभियंताही नव्हता. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात मांसाची आयात करणाऱ्या एका पेढीवर तो हिशेब लिहीत असे. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

हिशेबनीसाची कार्यशाळा

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. फ्रँक यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि ते वडिलांच्या व्यवसायात रोखपाल म्हणून काम करू लागले. १८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. रोलंड व डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी, असा त्यांचा संसार होता. १८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले व दुकान बंद पडले. त्यानंतर हॉर्नबी यांनी डेव्हिड एलियट या मांस आयातदाराकडे हिशेबनीसाची नोकरी धरली.

दिवसा खातेवही आणि संध्याकाळी घरच्या कार्यशाळेत हत्यारे, असा त्यांचा दिनक्रम होता. मुलांसाठी पत्र्याचे तुकडे कापून ते पूल, मालगाड्या आणि याऱ्या बनवीत. मात्र प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत आणि खेळणे मोडले की ते भाग वाया जात. या अडचणीतूनच त्यांना मूळ कल्पना सुचली. सर्व पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि त्या नटबोल्टने जोडल्या, तर त्याच पट्ट्यांतून आज यारी व उद्या पूल उभा करता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. भोकांमधील अंतर अर्धा इंच ठरले. आसांसाठीही तीच भोके वापरता येत असल्याने चाके आणि कप्प्या त्याच सांगाड्यात बसू लागल्या.

पेटंटसाठी लागणारे पैसे हॉर्नबी यांच्यापाशी नव्हते. त्यांनी मालकाकडून, म्हणजे एलियट यांच्याकडून, ५ पौंड उसने घेतले आणि १९०१ मध्ये पेटंट मिळविले. एलियट यांनी पुढे त्यांना आपल्या जागेशेजारची जागा दिली व ते भागीदारही झाले. खेळण्याला प्रथम यंत्रशास्त्र सोपे करणारा संच अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी नाव होते. संचात १६ प्रकारचे भाग असत आणि १२ रचनांची माहिती देणारे पत्रक असे. लिव्हरपूलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या कल्पनेला पाठिंबा दिला. दुकानदारांची दारे ठोठावताना हॉर्नबी यांना या पाठिंब्याचा मोठा उपयोग झाला.

तरीही यश सहजी आले नाही. १९०३ मध्ये १,५०० संच विकले गेले, पण नफा झाला नाही. पहिला किरकोळ नफा दिसण्यास १९०६ साल उजाडावे लागले. १९०७ मध्ये हॉर्नबी यांनी 'मेकॅनो' हे सुटसुटीत नाव नोंदविले आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. एलियट त्यात सहभागी झाले नाहीत. वयाच्या पंचेचाळिशीत हॉर्नबी यांनी बांधलेल्या पगाराचा आधार सोडला होता.

खेळणे आणि प्रयोगशाळा

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनोचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याआधीच बर्लिन व पॅरिसपर्यंत व्यवसाय पोहोचला होता. १९१६ मध्ये कंपनीचे मासिक सुरू झाले आणि मेकॅनो जुळविणाऱ्या मुलांचे संघ देशोदेशी स्थापन झाले. जाहिरातींत व मासिकात सारा भर मुलग्यांवर असे. कारखान्यात मात्र हे भाग तयार करणारे हात मोठ्या प्रमाणात स्त्रियांचे होते.

मेकॅनोच्या मोटारीला खऱ्या मोटारीचे रूप नसे. तिच्या अंगाला सर्वत्र भोके असत, पण तिचे सुकाणू वळे आणि दंतचक्रे एकमेकांत फिरत. दिसण्यापेक्षा चालण्याला महत्त्व देणारे हे खेळणे होते. त्याची ताकद किती, हे १९३४ मध्ये दिसून आले. मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून अवकल समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले. संगणकाच्या इतिहासात त्या यंत्राची आजही नोंद घेतली जाते.

आगगाडीमागून मोटार

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, हॉर्नबी यांनी चावीवर चालणाऱ्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर होते. 'ओ' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर हे माप रूढ झाले. फुटाचे ३०४.८ मिलिमीटर होतात. त्यांना ७ ने भागले की उत्तर ४३.५ येते. खोक्यावरील आकड्याचा उगम असा रुळांवर आहे.

रूळ आले की स्थानक हवे, स्थानकावर हमाल व प्रवासी हवेत आणि बाहेरच्या रस्त्यावर मोटारीही हव्यात. १९३१ पासून कंपनीने स्थानकावरील माणसे व जनावरे यांच्या ओतीव मूर्ती विकण्यास सुरुवात केली. १९३३ च्या डिसेंबरात सहा वाहनांचा संच आला. त्यात दोन मोटारी, एक मालमोटार, एक सामान पोहोचविणारी गाडी, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. एप्रिल १९३४ पासून या वाहनांना 'डिंकी टॉईज' हे नाव मिळाले. आगगाडीच्या शोभेसाठी आलेली ही वाहने पाहता पाहता स्वतंत्रपणे खपू लागली. सुरुवातीच्या डिंकी मोटारींचे प्रमाण काटेकोर नव्हते, परंतु पुढे युरोपातील उत्पादकांनी व संग्राहकांनी १:४३ हेच प्रमाण आपलेसे केले.

याच सुमारास कंपनीने मोटार जुळविण्याचे खास संचही काढले होते. त्यांत सांगाडा, चावीचे यंत्र, चाके आणि बदलता येणारी अंगे असत. मूल ती मोटार स्वतः बांधी व चालवी. म्हणजे एकाच कारखान्यातून दोन प्रकारच्या मोटारी बाहेर पडत होत्या. एक हाताने बांधायची आणि दुसरी तयार मिळणारी. तयार मोटार स्वस्त होती, खऱ्या मोटारीसारखी दिसत होती आणि खिशात मावत होती. बाजाराने तिच्या बाजूने कौल दिला. मुलाने स्वतःच्या हाताने घडवावे, या विचारावर ज्याने आयुष्य वेचले, त्याच्याच कारखान्याने घडविण्याची गरज नसलेले खेळणे जगाला दिले. हॉर्नबी यांच्या जीवनातील हा मोठा विरोधाभास म्हणावा लागेल.

अखेरची वर्षे

१९३० च्या दशकात हॉर्नबी लक्षाधीश झाले होते. लिव्हरपूलजवळील मॅगल येथे त्यांचे प्रशस्त घर होते. १९३१ मध्ये एव्हर्टन मतदारसंघातून काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे उमेदवार म्हणून ते संसदेवर निवडून आले. कंपनीचा दैनंदिन कारभार त्यांनी सहकाऱ्यांवर सोपविला. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. १९३५ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. हृदयविकार आणि मधुमेह यांनी ग्रासलेल्या हॉर्नबी यांचे २१ सप्टेंबर १९३६ रोजी निधन झाले. त्या वेळी डिंकी हे नाव अवघे अडीच वर्षांचे होते. त्याचा खरा बहर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या हयातीत बाहेर पडलेल्या अनेक मोटारींवर एक संकटही वाढून ठेवलेले होते. सुरुवातीच्या प्रतिकृती शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. लवकरच त्यांची जागा जस्ताच्या मिश्रधातूने घेतली. जस्त हलके, स्वस्त आणि साच्यात रेषा न् रेषा उमटविणारे होते. पण त्यात शिशाचा अंश थोडा जरी मिसळला, तरी धातू आतून पोखरला जातो. ओतकामाच्या वेळी झालेली ही भेसळ डोळ्यांना दिसत नाही. वर्षे लोटतात, मोटार फुगते, तिच्या अंगावर तडे जातात आणि एके दिवशी तिचे तुकडे पडतात. उष्णता व दमटपणा ही क्रिया वेगाने घडवितात. एकदा सुरू झालेली ही झीज उलटविता येत नाही. महायुद्धापूर्वीची धडधाकट डिंकी मोटार आज दुर्मीळ आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

कारखाना गेला, साचे उरले

दुसऱ्या महायुद्धानंतर डिंकी मोटारींनी मुलांवर राज्य केले. मग १९५३ मध्ये मॅचबॉक्सच्या छोट्या व स्वस्त मोटारी आल्या. १९५६ मध्ये कॉर्गीने मोटारींना खिडक्यांच्या काचा बसविल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या हॉट व्हील्सने वेगाने धावणारी चाके आणली. बिन्स रोडचा कारखाना या स्पर्धेत मागे पडला. १९६४ मध्ये तो लाइन्स ब्रदर्सच्या ताब्यात गेला, पुढे एअरफिक्स समूहाकडे आला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये कायमचा बंद झाला. हॉर्नबी हे आडनाव पुढे खेळण्यातील आगगाड्यांवर टिकून राहिले. 

या कथेचा एक धागा भारतापर्यंत आला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्यात आणले गेले. त्यांतून ओतलेल्या मोटारी 'निकी टॉईज' या नावाने विकल्या जात. लिव्हरपूलमध्ये कालबाह्य ठरलेल्या साच्यांतून भारतीय मुलांसाठी नवी खेळणी निघत होती. आज त्याच निकी मोटारी जगभरचे संग्राहक शोधत असतात.

घडविणाऱ्या हातांकडे परत

बंगळुरूतील छांदिष्ट आज जे करतो, ते या साऱ्या प्रवासाच्या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहे. तो बाजारातील तयार मोटार घेतो आणि प्रथम ती सुटी करतो. तळाचे रिव्हेट काळजीपूर्वक ड्रिलने काढले की धातूचे अंग, प्लॅस्टिकचा तळ, बैठका आणि आस वेगळे होतात. मग कारखान्याचा रंग उतरवायचा, साच्याच्या जोडाची रेघ कानशीने घासायची, अस्तराचा पातळ हात द्यायचा आणि त्यावर नवा रंग फवारायचा. दारांच्या फटी गडद करायच्या, दिव्यांच्या कडा चंदेरी करायच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पाटीवर कर्नाटकाचा क्रमांक लिहायचा.

हे सारे प्रमाणात करावे लागते. खऱ्या मोटारीवरची एक सेंटिमीटरची पट्टी १:४३ या हिशेबात पाव मिलिमीटरहून किंचित कमी भरते. रंगाचा थर थोडा जाड झाला तरी कोरलेली रेषा बुजते आणि प्रतिकृती पुन्हा खेळणे दिसू लागते. म्हणून अनुभवी छांदिष्ट रंग भरपूर देण्यापेक्षा पातळ देतो आणि एक थर वाळल्याखेरीज दुसऱ्याला हात लावीत नाही.

मेकॅनोने मुलाला बांधावयास शिकविले, पण रूप दिले नाही. डिंकीने रूप दिले, पण बांधण्याचे काम काढून घेतले. तयार मोटार सुटी करून पुन्हा घडविणाऱ्या छंदात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उसन्या ५ पौंडांवर पेटंट घेणाऱ्या हिशेबनीसाला आपल्या मुलांच्या हातांत नेमके हेच द्यावयाचे होते. त्याचा कारखाना नाहीसा झाला, त्याच्या काळातील कित्येक मोटारींचा भुगा झाला. त्याच्या रुळांवरून आलेले १:४३ हे प्रमाण मात्र प्रतिकृतींच्या खोक्यांवर कायम आहे आणि त्या प्रमाणाला धरून मान मोडेपर्यंत काम करणारी माणसेही आहेत.