सरवा वेचणाऱ्यांचा चित्रकार : ज्यूल ब्रेताँ



रूथच्या पुस्तकातील सरवा वेचणारी विधवा रूथ आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कापणी झाल्यावर शेतात मागे राहिलेली कणसे गोरगरिबांनी, परक्यांनी वेचावीत म्हणून ती ठेवून द्यावीत, अशी परमेश्वराची आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. ही चाल फ्रान्सच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकातही जिवंत होती. तेथील सरवा वेचणाऱ्या बायकांना ज्याने चित्रांत मानाचे स्थान दिले, त्या ज्यूल ब्रेताँ या चित्रकाराची आज आपण ओळख करून घेऊ.

ज्यूल ब्रेताँ यांचा जन्म १ मे १८२७ रोजी उत्तर फ्रान्समधील आर्त्वा प्रांतात, कुरियेर या लहानशा गावी झाला. वडील एका बड्या जमीनदाराच्या मालमत्तेची देखरेख करीत. ज्यूल अवघे चार वर्षांचे असताना आई देवाघरी गेली. आजी आणि काका यांच्या मायेत हे पोरके लेकरू वाढले. गव्हाची शेते, चर्चची घंटा आणि सणाच्या मिरवणुका हेच त्यांचे बालपण होते.

सोळाव्या वर्षी, १८४३ साली, ते चित्रकला शिकण्यासाठी बेल्जियममधील गेंट शहरी फेलिक्स द व्हीन्य यांच्याकडे गेले. पुढे १८५८ मध्ये याच गुरूंची कन्या एलोदी त्यांची सहचारिणी झाली. १८४७ साली ते पॅरिसला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी तेथे क्रांतीचा भडका उडाला. त्याच वर्षी वडील वारले, घरची स्थिती ढासळली. रस्त्यावरची उपासमार तरुण ब्रेताँ यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांची सुरुवातीची चित्रे दैन्य, निराशा आणि भूक यांचीच होती.

१८५४ साली ते कुरियेरला परतले आणि त्यांना आपला खरा विषय सापडला. त्याच वर्षी त्यांनी सरवा वेचणाऱ्या बायकांचे पहिले मोठे चित्र काढले. १८५७ साली गव्हाच्या शेतांना आशीर्वाद देण्याच्या सोहळ्याचे चित्र आले. पिकाने भरलेल्या शेतांतून मिरवणूक चालली आहे, पांढऱ्या पोशाखातल्या मुली आहेत, धर्मगुरू आहेत, वाटेच्या कडेला शेतकरी गुडघे टेकून बसले आहेत. पॅरिसच्या प्रदर्शनात या चित्राला पदक मिळाले आणि सरकारने ते विकत घेतले.

१८५९ सालचे चित्र सर्वांत गाजले. सूर्य मावळला आहे, आकाशात चंद्रकोर दिसते आहे. शेताचा राखणदार तोंडाशी हात धरून दिवस संपल्याची हाळी देत आहे, कारण सरवा फक्त दिवसाउजेडीच वेचता येई. डोक्यावर, खांद्यावर कणसांचे भारे घेऊन अनवाणी बायका परतत आहेत. कपडे फाटके आहेत, पण माना ताठ आहेत! हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

ब्रेताँ यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारासाठी गावातून चाललेल्या मुलींचेही चित्र काढले. १८८६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ४५,५०० डॉलर मिळाले. हयात चित्रकारासाठी त्या काळी ही फारच मोठी रक्कम होती. हातात विळा घेऊन पहाटे शेतात चंडोलाचे गाणे ऐकणारी त्यांची शेतकरी मुलगी (१८८४) आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. ते कवीही होते. १८७५ साली त्यांचा कवितासंग्रह निघाला. त्यांची कन्या व्हर्जिनी हीसुद्धा नामवंत चित्रकार झाली.

ब्रेताँ गरिबी फार सुंदर करून दाखवतात, अशी टीका त्यांच्यावर झाली. दिवसभर वाकून पाठ मोडल्यावर कोण एवढे डौलाने चालेल? या टीकेत तथ्य आहे, हे आपणही मान्य करू. पण उपाशी माणसाची केवळ कीव करणे आणि त्याला मान देणे यांत फरक आहे. ब्रेताँ यांनी दुसरी वाट धरली.

१८८० साली त्यांच्या कार्यशाळेपाशी एक माणूस आला. बेल्जियमच्या खाणकामगारांमध्ये धर्मप्रचार करताना कामावरून काढला गेलेला, खिशात फारसे पैसे नसलेला. थंडीत दूरवरून पायी चालत, वाटेत उघड्यावर रात्री काढत तो आला होता. कार्यशाळेची नवी विटांची इमारत पाहून त्याला दार ठोठावण्याचा धीर झाला नाही. तो तसाच परत गेला. तो होता व्हिन्सेंट व्हॅन गॉग! दारापर्यंत कोण आले होते, हे ब्रेताँ यांना कसे कळावे? त्यांना दोष देता येत नाही. तरीही गरिबांच्या चित्रकाराचे दार एका गरिबाला परके वाटले, ही गोष्ट मनाला चटका लावते.

ब्रेताँ यांच्या हयातीतच त्या परिसरात कोळशाच्या खाणी पसरल्या. १० मार्च १९०६ रोजी कुरियेर कंपनीच्या खाणीत भीषण स्फोट झाला. १,०९९ जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. वीस दिवसांनी तेरा जण अंधारातून जिवंत बाहेर आले आणि त्यानंतर आणखी एक. त्याच वर्षी ५ जुलै रोजी, ७९ व्या वर्षी, ब्रेताँ यांनी पॅरिसमध्ये अखेरचा श्वास घेतला.

शेतात कणसे मागे ठेवणारा मालक आपल्यातही असू शकतो आणि ती वेचणारी रूथही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या म्हातारीला आपण मान देतो का? आपल्या चर्चची पायरी चढताना कुणा गरिबाचा पाय अडखळतो का? या रविवारी घरी परतताना आपण सर्व जण याचा विचार करू या.