गांडुळांचा सोबती

पीककर्जाच्या निमित्ताने भोर-वेल्ह्याची भातखाचरं पायाखाली घातली. पावसात बांधावर आलेली गांडुळं ओलांडताना चार्ल्स डार्विन आठवे. त्याने १८४२ साली घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षं वाट पाहिली! १८७१ मध्ये खणलं, तेव्हा तो बासष्ट वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. खडू सात इंच खाली गेला होता. गांडुळांनी विष्ठेतून वर आणलेल्या मातीने तो झाकला गेला होता. जंत, पट्टकृमी आपल्या पोटात बिऱ्हाड करतात. गांडूळ त्यांच्यापासून नात्याने फार दूरचं, ते जमीन घडवतं. डार्विनने कुंड्यांतल्या गांडुळांना पियानोही ऐकवला. ढिम्म! कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच मात्र ती बिळात पळाली. गांडुळांवरचं त्याचं पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघालं; पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला.