काट्याभोवती जमलेल्या पेशी

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, कधी पू होतो. हा नुसता त्रास नसून शरीराने सुरू केलेला बचाव आहे, हे इतरांना पटवण्यासाठी एली मेचनिकॉफ यांना पाव शतक झगडावे लागले.

तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील खारकीवजवळ १८४५ मध्ये त्यांचा जन्म झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. संसर्गाचा घाव मात्र त्यांनी घरातच सोसला. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने दगावली; दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून कशीबशी वाचली.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. अळीत फिरणाऱ्या पेशी बाहेरच्या शत्रूवर तुटून पडत असतील का, अशी शंका त्यांना आली. बागेतले गुलाबाचे बारीक काटे त्यांनी अळ्यांमध्ये टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा! या अळ्यांना रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे हे काम पेशींचेच होते. पुढे पाण्यातल्या डॅफ्निया या सूक्ष्म जीवात पेशी बुरशीचे बीजाणू गिळून पचवताना त्यांना दिसल्या. पेशी कमी पडल्या की डॅफ्निया मरत असे.

त्या काळी अनेक तज्ज्ञांचा समज उलटा होता: पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात. जर्मनीतील संशोधक तर रक्तद्रवालाच खरा रक्षक मानत. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या संस्थेत मेचनिकॉफ यांना जागा दिली. १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिथेच राहिले.

१९०८ चे नोबेल त्यांना आणि रक्तद्रवाची बाजू मांडणाऱ्या पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोघेही बरोबर होते. भक्षकपेशी ही जन्मजात प्रतिकारशक्ती. जंतूची आधीची ओळख नसतानाही त्या काही तासांत धावून येतात. नव्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला मात्र काही दिवस लागतात. ती जंतूला चिकटली, की भक्षकपेशींना तो गिळणे सोपे जाते.

जखमेतला पू म्हणजे मुख्यतः या लढाईत कामी आलेल्या पेशीच.