मिशीवाली ल्यूसी

माझं कॉन्व्हेंटचं मराठी जरा सांभाळून घ्या!

सबमिशनच्या रात्री आमच्या रूमवर 'आय लव्ह ल्यूसी' लागतं आणि फाइल्स बाजूला टाकून आम्ही पोट धरून हसतो. पण त्या ल्यूसीची गोष्ट मला फार उशिरा कळली.

ल्यूसिल बॉल १९११ मध्ये अमेरिकेत जन्मली. तीन वर्षांची असतानाच वडील गेले. १९५१ मध्ये नवरा देसी आर्नाझबरोबर तिने ही मालिका सुरू केली. समोर प्रेक्षक आणि एकाच वेळी तीन फिल्म कॅमेरे! पुढे कित्येक सिटकॉम असेच शूट झाले. १९५७ नंतर याच जोडीचे तासाभराचे भाग निघाले.

२ मार्च १९६० ला शेवटच्या भागाचं शूटिंग होतं. दिग्दर्शक देसीच, आणि त्याच दिवशी त्याचा वाढदिवस. संसार केव्हाच मोडला होता, सेटवर धड बोलणंही नव्हतं. तरी ल्यूसी खोटी मिशी लावून ड्रायव्हर झाली, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे दोघांनी चुंबनाचा सीन दिला. दुसऱ्याच दिवशी तिने घटस्फोटाचा अर्ज केला.

पण ती थांबली नाही. १९६२ मध्ये देसीचा हिस्सा विकत घेऊन तिने डेसिलू स्टुडिओ स्वतः चालवला. 'स्टार ट्रेक' तिथलीच. १९८९ मध्ये ती गेली.

व्हायवाआधी रडू यायला लागलं, की मला ती मिशी आठवते.