अल्-ख्वारिज्मी : वाटणीचे गणित सांगणारा विद्वान

वाचकहो, आज मोबाइलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या प्रश्नांना क्षणात उत्तरे देते. ती ज्या पायरीपायरीच्या रीतीने चालते तिला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द एका मुस्लिम विद्वानाच्या नावावरून आला आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?

मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमारास झाला. त्यांचे नाव मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतावरून पडले. खलीफा मामून (८१३ ते ८३३) यांच्या कारकिर्दीत बगदादच्या ‘बैतुल हिकमत’ या विद्याकेंद्रात त्यांनी गणित, खगोल आणि भूगोल या विषयांवर काम केले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि त्यांच्या नावाचे ‘अल्गोरित्मी’ झाले. अरब जगाशी आपल्या किनाऱ्याचेही जुने नाते आहे. आपल्या डहाणू तालुक्यातील चिंचणीला सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे.

इ. स. ८२० च्या सुमारास त्यांनी ‘अल्-जब्र’चा ग्रंथ लिहिला. वर्गात मुले विचारतात की हा ‘क्ष’ व्यवहारात कोठे लागतो? उत्तर त्याच ग्रंथात आहे. त्याचा फार मोठा भाग वसीयत आणि वारसा यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे. कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. ते बिनचूक पोचवायचे तर गणित हवेच.

त्यांचे एक उदाहरण पाहा. एक मनुष्य दोन मुलगे मागे ठेवून वारला. मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्यास द्यावा, अशी त्याची वसीयत होती. रोख १० दिरहम आहेत आणि एका मुलाकडून १० दिरहम येणे आहे. त्या मुलाच्या वाट्यापोटी कर्जातून वळती होणारी रक्कम ‘क्ष’ माना. १० अधिक क्ष यांचे तीन सारखे भाग करायचे आणि त्यातला एक भाग क्षएवढाच आहे. म्हणून क्ष म्हणजे ५. परक्यास ५ आणि दुसऱ्या मुलास ५ रोख मिळतात, तर कर्जदार मुलाचे ५ कर्जात वळते होतात. उरलेले येणे या वाटणीत धरलेले नाही.

आज हे काम यंत्र पापणी लवण्याच्या आत करील. पण वाटणीपूर्वी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, हा क्रम पाळला पाहिजे. विधवेचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. तो आपण लपविला, किंवा तलासरीला दिलेल्या बहिणीचे नाव वारसांत घातलेच नाही, तरी यंत्र बेरीज बरोबरच दाखवील. हिशेब चुकणार नाही, हक्क मात्र बुडेल. काझी किंवा न्यायाधीश साक्षीपुरावा पाहतो, बहिणीला समोर बोलावून विचारतो आणि आपल्या निर्णयाची जबाबदारी घेतो. यंत्रावर अशी जबाबदारी कोणी टाकू शकत नाही.

इ. स. ८५० च्या सुमारास ख्वारिज्मी अल्लाहला प्यारे झाले. वाचकहो, आपल्या मुलामुलींना यंत्र जरूर शिकवा. मात्र ख्वारिज्मींनी आपले गणित ज्या इन्साफाच्या कामी लावले, तो इन्साफ आधी शिकवा. आणि पुढच्या वाटणीच्या वेळी कागदावर बहिणीचे नाव आहे ना, हे स्वतः पाहा.