शिंप्याचा मुलगा हवालदार अब्दुल हमीद



परमवीरचक्र हे नाव आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण ते मिळविणारी माणसे कोणत्या घरांतून आली, हे आपण सहसा विचारीत नाही. म्हणून हवालदार अब्दुल हमीद यांची हकीगत तुम्हांस सांगतो.

उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचे खेडे आहे. तेथे १ जुलै १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील महंमद उस्मान शिंपीकाम करीत. मुलगाही वडिलांच्या हाताखाली कपडे शिवू लागला. बापाचा धंदा तोच मुलाचा, ही गावगाड्याची रीत तुम्हांला परकी नाही. हमीद मात्र २७ डिसेंबर १९५४ रोजी सैन्यात भरती झाले आणि चौथ्या ग्रेनेडियर पलटणीत गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. १८१८ साली भीमा कोरेगावला लढलेली पलटण पुढे ह्याच ग्रेनेडियर रेजिमेंटचा भाग झाली.

१९६२ साली चीनशी लढाई झाली तेव्हा त्यांची पलटण नेफात नामका चू नदीवर होती. अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, हाती जुन्या बंदुका, अशा स्थितीत ती सापडली आणि डिव्हिजनची वाताहत झाली. जवानांचा त्यात काय दोष? पण पराभवाचा डाग जवानांनाच वागवावा लागतो.

तीच डिव्हिजन सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या शिवारात उभी राहिली. समोर पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. हमीद तेव्हा कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे शिधा, कपडे, सामानसुमान यांचा हिशेब त्यांच्याकडे. परंतु १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर त्यांचा नेम पलटणीत वाखाणलेला होता, आणि त्या तोफेचे काम त्यांच्याकडे आले.

ही तोफ कशी असते ते समजून घेतल्याशिवाय त्यांचे धैर्य कळायचे नाही. तिची नळी मागूनही मोकळी असते. गोळा पुढे जातो, जळता वायू मागे फेकला जातो. म्हणून तोफेला धक्का बसत नाही आणि ती साध्या जीपवर बसविता येते. पण मागे आगीचा लोळ आणि धुरळा उठतो व शत्रूला जागा कळते. जीपला चिलखत नाही. गोळा सोडला की लगेच जागा बदलायची, नाहीतर संपलेच. हे काम नुसत्या आवेशाचे नव्हे. डोके थंड ठेवून करायचे आहे. कापड बेतणाऱ्याच्या मुलाची नजर मापाला पक्की असणारच, असे मला आपले वाटते.

शेतांत उसाचा आडोसा होता. आपल्या सैन्याने पाणी सोडून जमीन चिखल करून ठेवली होती, त्यात जड पॅटन रुतत. १० सप्टेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास रणगाडे चालून आले. हमीदांनी बाजूने जीप नेऊन पुढचा रणगाडा फोडला, जागा बदलली, दुसरा फोडला. एव्हाना शत्रूने जीप हेरली होती. तरी त्यांनी आणखी एकावर नेम धरला, आणि शत्रूच्या गोळ्याने ते पडले. वय अवघे ३२.

त्यांनी फोडलेल्या रणगाड्यांचा आकडा लोक सात-आठपर्यंत नेतात. त्या वादात मी पडत नाही. उघड्या जीपवरून दोन रणगाडे फोडून तिसऱ्यावर नेम धरणे, एवढेच कोणाही जवानाला पुष्कळ आहे. आणि हे यश एकट्याचेही नव्हे. आपल्या अलिबागचे अरुणकुमार वैद्य डेक्कन हॉर्सचे रणगाडे घेऊन तेथेच लढत होते. पाकिस्तानने त्या रणभूमीवर शंभराच्या आसपास रणगाडे गमावले.

युद्ध पाकिस्तानशी, आणि मेलेला जवान मुसलमान. मुसलमानाच्या निष्ठेवर शंका घेणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. ज्यांना आपण माणूस आहोत हेच पिढ्यान् पिढ्या सिद्ध करावे लागले, त्या तुम्हा-आम्हाला ह्या शंकेची बोच वेगळी समजवायला नको.

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीरचक्र स्वीकारले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या जगल्या. २०१९ साली वारल्या. हमीद यांची कबर मात्र धामूपुरात नाही. ती असल उत्तरच्या शिवारात आहे.