विश्लेषण : प्रबंधातला ‘एफ’ कुणाचा? रोनाल्ड फिशर आणि पाच टक्क्यांची रेघ

कृषी, मानसशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्राचा कुठलाही प्रबंध उघडा. निष्कर्षांच्या प्रकरणात ‘एफ’ हे अक्षर, कंसात दोन आकडे, पुढे ‘पी’ आणि शेजारी एक चांदणी हमखास सापडते. चांदणी असली की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. यातला ‘एफ’ म्हणजे फिशर. रोनाल्ड एल्मर फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ अमेरिकेतील जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये हे अक्षर वापरात आणले. प्रचरण विश्लेषण, म्हणजेच ‘ॲनोव्हा’, ही पद्धत फिशर यांची. ती आज ज्या तऱ्हेने छापली जाते, त्यात मात्र त्यांच्या मूळ हिशेबातले बरेच काही गळून गेले आहे.

फिशर शेतीकडे कसे वळले?

१७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या फिशर यांचे डोळे लहानपणापासून अधू होते. दिव्याच्या उजेडात वाचायला मनाई असल्याने शाळेत त्यांनी गणिताचे बरेच धडे कागद-पेन्सिलीशिवाय घेतले. आकृत्या मनातच मांडायची सवय तिथली. केंब्रिजमधून १९१२ मध्ये पदवी घेतल्यावर काही वर्षे शाळांमध्ये शिकवले. ‘व्हेरिअन्स’ हा शब्द त्यांनी १९१८ च्या आनुवंशिकतेवरील निबंधात रुजवला.

१९१९ मध्ये ते हार्पेंडन येथील रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात आले. तिथे १८४३ पासूनच्या खतांच्या प्रयोगांच्या नोंदी पडून होत्या. पीक एखाद्या वर्षी जास्त आले ते खतामुळे, पावसामुळे की जमिनीच्या कसामुळे, याचा उलगडा त्या ढिगातून करायचा होता. फिशर यांच्याबद्दल चहाच्या कपांचा किस्सा सगळीकडे रंगवून सांगितला जातो. पण ‘ॲनोव्हा’ची पहिली परीक्षा झाली ती बटाट्यांवर.

बटाट्याच्या शेतात काय घडले?

विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह फिशर यांनी १९२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बटाट्याचे १२ वाण, काही भागाला शेणखत, काहीला नाही, त्यावर पोटॅशचे निरनिराळे प्रकार. उत्पादनात जो चढउतार दिसला, त्याची त्यांनी वाटणी केली : इतका वाणामुळे, इतका खतामुळे, दोन्हींच्या एकत्र परिणामामुळे इतका आणि उरलेला निव्वळ योगायोगाचा. जमाखर्चाच्या वहीसारखा हा तक्ता. बेरीज जुळलीच पाहिजे. वाण किंवा खताच्या वाट्याचा सरासरी चढउतार योगायोगाच्या वाट्यापेक्षा किती पट आहे, ते पाहायचे. ती पट म्हणजेच आजचा ‘एफ’. स्वतः फिशर त्याऐवजी या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमचा निम्मा आकडा वापरत.

गंमत म्हणजे या पहिल्याच तक्त्यात चूक होती. पोटॅश वाफ्यातल्या ओळींना दिले होते, वाण मात्र अख्ख्या वाफ्याला एक. त्यामुळे योगायोग मोजायला दोन वेगळ्या मोजपट्ट्या हव्या होत्या, वापरली एकच. १९२५ च्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ या पुस्तकात फिशर यांनी तोच प्रयोग पुन्हा घेऊन दोन मोजपट्ट्या लावल्या. अशी चूक सापडते ती तक्ता पूर्ण छापलेला असला तरच. नुसती चांदणी छापली असती तर पुढच्या वाचकाला काय कळले असते?

कंसातले आकडे कशासाठी?

समजा, तीन खते प्रत्येकी १० वाफ्यांवर तपासली. निकाल असा लिहिला जातो : एफ (२, २७) = ४.८९, पी = ०.०१५. कंसातला २ म्हणजे तीन खतांतून एक वजा. २७ म्हणजे ३० वाफ्यांतून तीन वजा. यांना ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणतात. मजकुरात ३० वाफे लिहिले आणि कंसात ८७ आले, तर एकाच वाफ्यातली तीन झाडे तीन स्वतंत्र वाफे म्हणून मोजली असावीत, ही शंका परीक्षकाला लगेच येते. म्हणून हे दोन आकडे गाळू नयेत.

खतांमध्ये खरोखर काहीच फरक नसता, तरी केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा ‘एफ’ येण्याची शक्यता किती, हे ‘पी’ सांगतो. इथे ती दीड टक्का. पण फरक किती मोठा, कुठले खत सरस, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक खताची सरासरी, तिची प्रमाण त्रुटी आणि परिणामाचे माप द्यावे लागते. या उदाहरणात एकूण चढउताराचा सुमारे २७ टक्के भाग खतांच्या वाट्याला येतो. शेतकऱ्याला हेक्टरी किती क्विंटल वाढले ते हवे असते. चांदणीचा त्याला उपयोग नाही.

पाच टक्के आले कुठून?

१९२५ च्या पुस्तकात फिशर यांनी विसात एक ही मर्यादा सोयीची मानली आणि या चाचणीसाठी पहिल्या आवृत्तीत पाच टक्क्यांचाच तक्ता दिला. संगणक नव्हते, ज्याच्याकडे जो तक्ता, त्याची तीच रेघ. पुढे ती रेघ लक्ष्मणरेषा झाली. ०.०४९ आला की शोध, ०.०५१ आला की फाइल बंद! १९५६ च्या पुस्तकात फिशर यांनीच अशी कायमची ठरीव पातळी मानायला नकार दिला, पण तोवर सवय मुरली होती. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून केवळ या रेघेवर निष्कर्ष बेतू नयेत, असे बजावले.

महाराष्ट्राशी काय संबंध?

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेतली. १९३३ पासून फिशर तिथेच प्राध्यापक होते. सुखात्मे यांचे मार्गदर्शक मात्र नेमन आणि ईगॉन पिअर्सन, म्हणजे फिशर यांचे कट्टर विरोधक. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचे कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले. राहुरी, अकोल्यापासून दापोलीपर्यंतच्या प्रबंधांत आजही त्याचा हवाला असतो आणि तक्त्याच्या तळाशी पाच टक्के पातळीचा ‘क्रिटिकल डिफरन्स’. ही प्रथा चांदणीपेक्षा बरी : दोन सरासऱ्यांतला किती फरक खरा मानायचा, हे ती क्विंटलमध्येच सांगते.

शेवटची वर्षे

फिशर यांना १९५२ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. पुढे धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, या निष्कर्षाला त्यांनी कडाडून विरोध केला. ते तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते आणि स्वतः पाइप ओढत. सुप्रजननवादाचे तर ते जन्मभर पुरस्कर्ते राहिले. २९ जुलै १९६२ रोजी ॲडलेडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगरचनेतला सात बाय सात रंगीत चौकटींचा ‘लॅटिन स्क्वेअर’ केंब्रिजच्या कीझ कॉलेजातील भोजनगृहाच्या खिडकीत काचेत बसवलेला होता. सुप्रजननवादावरून वाद पेटल्यावर २०२० मध्ये कॉलेजने ती खिडकी काढून टाकली.